पहिल्या मुठीचा मान

दोर्सिलाने बियाणं ठेवायचा वाळका भोपळा खुंटीवरून काढला, मांडीवर घेतला, आतले मक्याचे दाणे बोटांनी ढवळले आणि भोपळा परत खुंटीला अडकवला.

दारात तिची सून अदोयो कुदळ घेऊन उभी होती. तिने हे सगळं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"गुडघे कसे आहेत, आई?"

"आहेत जागेवर."

"मग आज..."

"आज नको. उद्या बघू."

"बरं," म्हणून अदोयोने कुदळ भिंतीला टेकवली आणि ती सरपणाला निघून गेली. पाऊस लागल्यापासून रोज सकाळी हेच चाललं होतं. खाली सरोवरापर्यंतच्या उतारावर ज्याच्या त्याच्या रानात मका वर आला होता. दोर्सिलाच्या घराभोवतीची जमीन तेवढी काळी, उघडी पडून होती. या मुलखात घरातल्या थोरल्या बाईने पहिली मूठ टाकल्याशिवाय सुनेने दाणा पेरायचा नसतो. पेरला तर घराला बाधा होते, लेकरं झुरतात, असं जुनी माणसं सांगतात. नवी माणसं त्यावर हसतात, पण सासूच्या आधी पेरत नाहीत.

गुडघे दुखत होते, ते काही खोटं नव्हतं. पण पेरणी अडली होती ती गुडघ्यांपायी नव्हे. तिचा मुलगा ओदेरो किसुमू शहरात गॅरेजात कामाला. मागच्या खेपेला आला तेव्हा तो सांगून गेला होता, की कापणी झाली की वरच्या टेकाडावर आपलं स्वतंत्र घर बांधायचं. रीतीप्रमाणे बापाच्या जागी चुलता कोंबडा घेऊन पुढे चालेल, मागून ओदेरो, अदोयो आणि लेकरं. यात वावगं काहीच नव्हतं. मुलाने एक दिवस बापाचं कुंपण सोडायचं ही तर रीतच, आणि दोर्सिला स्वतःही अशीच एका पहाटे सासूच्या अंगणातून निघाली होती. पण तिकडे गेली की अदोयो तिच्या घरची थोरली होणार, तिची पेरणी तिच्याच हातची. मग सकाळी या दाराशी कोण येऊन उभं राहणार? पेरणी नाही तर कापणी नाही, आणि कापणी होईपर्यंत कुणी कुठे जात नाही. हिशेब वेडा आहे हे तिलाही कळत होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ थोडाच जातो!

तेवढ्यात शेळीने दावं तोडलं.

शेळी उतारावरून खालच्या रानाकडे पळाली आणि काठी घेऊन दोर्सिला तिच्या मागे. शिव्या घालताना गुडघ्यांची आठवण राहत नाही. शेराच्या कुंपणापलीकडे, ओढ्याच्या अंगाला, अदोयोच्या वाट्याचा तुकडा होता. पावसाळा लागल्यापासून दोर्सिला तिकडे फिरकली नव्हती. शेळी तिथेच सापडली, आणि शेळीच्या तोंडात कोवळा मका होता.

दोर्सिलाने शेळीला ओढून धरलं आणि ती बघतच राहिली. ओळीने टोकलेला मका चार बोटं वर आला होता. कडेच्या ओळींवर ज्वारीची वाळलेली ताटं आडवी टाकली होती, वरून कुणाला दिसू नये म्हणून.

आधी तिला संताप आला. म्हणजे रोज सकाळी दाराशी येऊन "मग आज" म्हणायचं ते सगळं नाटक. मग भीती वाटली. धाकटी नात चार दिवस खोकत होती ते आठवलं. आणि त्यानंतर जे वाटलं ते नुसतं दुःख होतं. तिच्यावाचून काहीच अडलं नव्हतं.

"दोर्सिला! रानात उतरलीस होय?"

ओढ्याच्या वाटेवर तिची चुलत जाऊ नेरिया धुण्याची पाटी घेऊन थांबली होती. वरची वाट चिखलाने बंद, म्हणून आज इकडून आली. नेरियाच्या कानावर गेलं म्हणजे रविवारी चर्चच्या दारात सगळ्यांना कळणार. तिची नजर ओळींवरून फिरली.

"हे काय गं? तू तर अजून पेरलं नाहीस म्हणे. सुनेचा मका वर कसा आला?"

दोर्सिलाने शेळीचं दावं हाताला गुंडाळलं.

"कोण म्हणे? चुलीमागच्या वाफ्यात पहिल्या पावसालाच मूठ टाकली मी. त्यासाठी ढोल वाजवायचा होता की काय?"

"पण तुझे गुडघे?"

"पेरतात हाताने, नेरिया. तू कशाने पेरतेस?"

नेरिया हसली, पाटी डोक्यावर घेऊन पुढे गेली. तिला पटलं की नाही देव जाणे. पण घरच्या थोरलीनेच सांगितल्यावर कोण काय बोलणार?

दोर्सिला वळली तर कुंपणाशी अदोयो. डोक्यावरचा सरपणाचा भारा तिने खाली टाकला होता. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, मागच्या सालीही पाऊस मध्येच गेला. पोरांकडे बघून राहवलं नाही मला."

"मग रोज विचारायला कशाला येत होतीस? थट्टा करायला?"

"नाही, आई." अदोयो म्हणाली. "तुम्ही कधीतरी हो म्हणाल, असं वाटायचं. म्हणाला असता तर हे सगळं उपटलं असतं आणि तुमच्यामागून पुन्हा पेरलं असतं." ती खाली वाकली. "आत्ता उपटते."

तिने एक रोप धरलंही होतं.

"सोड ते," दोर्सिला म्हणाली. "वर आलेल्या अन्नाला हात लावू नकोस. चल घरी, आणि कुदळ घे. माझं रान काय नेरिया येऊन पेरणार?"

दुपारी दोघी वरच्या रानात होत्या. अदोयो खड्डा करी, दोर्सिला दाणे टाकी आणि टाचेने माती लोटी.

"टेकाडावर गेल्यावर कुणाच्या हाताची वाट बघायची, आई?"

"कुणाच्याच नाही. सवय झालीच आहे की तुला."

अदोयो हसायला गेली आणि तिला रडू आलं. तिने दंडाने तोंड पुसलं, पुढचा खड्डा केला आणि म्हातारी गुडघा धरून येईपर्यंत ती तिथेच थांबून राहिली.