शंभर वेळा तोच दिवस

ताईंनी शंभर निकालांची यादी तिसऱ्यांदा वरून खाली वाचली आणि मग चष्मा काढून पुसला. काचा तशा स्वच्छच होत्या. पहिल्या ओळीत जो आकडा होता तोच शंभराव्या ओळीत होता, दशांशचिन्हापुढच्या सहाव्या घरापर्यंत तोच. मधल्या अठ्ठ्याण्णव ओळींनीही त्याचीच री ओढली होती.

बुधवारची दुपार होती. ताईंना काम शिकवणारे मास्तर शुक्रवारी निवृत्त होणार, म्हणून त्यांना द्यायचं शुभेच्छापत्र टेबलाटेबलावरून फिरत होतं. ते ताईंपुढे आलं. सही करायला त्यांनी पेन उचललं, पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं आणि पत्र बाजूला सरकवलं.

ताईंचा विभाग खोटी नेटवर्कं बनवायचा. खऱ्या केबली जमिनीत जाण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये तसंच्या तसं जाळं उभं करायचं, खोट्या माणसांना त्यावरून खोटे फोन करायला लावायचे, मधेच एखादी केबल तोडायची आणि कोण अडकतं ते बघत बसायचं. खऱ्यांचे हाल होण्यापेक्षा खोट्यांचे झालेले बरे, असं मास्तर म्हणायचे. या वेळचं काम रुग्णवाहिकांच्या फोन केंद्राचं होतं. केंद्र दोन केबलींवर चालणार. एक तुटली तर दुसरी सगळा भार पेलेल का, एवढाच प्रश्न होता. ताईंच्या अहवालात उत्तर होतं: शंभर दिवस चालवून पाहिलं, शंभरच्या शंभर दिवस पेलते. केंद्र सोमवारी सुरू व्हायचं होतं.

आणि आज केंद्राच्या इंजिनिअरचं दोन ओळींचं पत्र आलं होतं. शंभरातला सगळ्यात वाईट दिवस कोणता, तेवढं कळवा. बिचाऱ्याने सहज विचारलं होतं. पण इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. अहवालात जायची ती फक्त सरासरी. निकालांत फरक किती पडला हे दाखवणारा एक रकाना पूर्वी असायचा, पण त्यात कायम शून्यच यायचं, आणि नुसत्या शून्यांचा रकाना दिसायला बरा नाही म्हणून तो काढून टाकला होता. आपली जाळी किती भरवशाची, फरक म्हणून पडत नाही, असं म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ताईंनीसुद्धा.

कुणाचा फोन केव्हा येईल, केबल कुठे तुटेल, हे सॉफ्टवेअर फासे टाकून ठरवतं. पण ते फासे खरे नव्हेत. सुरुवातीला त्याला एक आकडा द्यावा लागतो आणि त्या आकड्यावरून पुढचं सगळं दान ठरतं. आकडा बदलला की दिवस बदलतो. आकडा तोच, तर दिवसही तोच. ताईंनी शंभर दिवसांना शंभर वेगळे आकडे दिले होते. मग हे असं का? चहा गार होईपर्यंत त्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून बसल्या आणि शेवटी ती ओळ सापडली. बाहेरून कुठलाही आकडा द्या, ही ओळ तो पुसून त्या जागी ६०८३ घालत होती.

म्हणजे शंभर दिवस नव्हतेच. एकच दिवस शंभर वेळा उजाडला होता, आणि तो नेमका चांगला निघाला होता.

हे सॉफ्टवेअर मास्तरांचं. अठरा वर्षांपूर्वी, विभागात दोनच टेबलं होती तेव्हाचं. खरं सांगायचं तर ती ओळ बघून ताईंना क्षणभर बरं वाटलं. अठरा वर्षं या माणसाने त्यांच्या एकेका अहवालावर लाल पेन्सिल चालवली होती, 'शंकेखोर बाई, स्वतःवर पण शंका घेत जा जरा' म्हणून चारचौघांत टोकलं होतं. आता सापडलात. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

त्यांनी ती ओळ काढली आणि शंभर दिवस पुन्हा चालवले. आता खरोखरच शंभर वेगळे दिवस आले. त्यातले नऊ दिवस दुसरी केबल कमी पडत होती. एका दिवशी तर एक फोन अकरा मिनिटं अडकून पडला होता. माणूस खोटा, फोन खोटा, रुग्णही खोटाच. तरी ताईंनी ती अकरा मिनिटं पुन्हा मोजून बघितली. सोमवारनंतर तोच फोन खरा असणार होता.

गुपचूप ओळ काढून, दुरुस्त अहवाल पाठवून मोकळं होता आलं असतं. कुणी विचारलं नसतं, मास्तरही हार-तुरे घेऊन सुखाने घरी गेले असते. पण दाराशेजारी खिळ्याला ती वही लटकत होती.

चुकांची वही मास्तरांनीच सुरू केलेली. जाड पुठ्ठ्याची, दोरीला पेन बांधलेलं. काय चुकलं, कसं सापडलं, कुणाचं चुकलं, असे तीन रकाने. वहीत लिहिलेल्या चुकीबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. आणि दुसऱ्याची चूक आपण लिहायची नाही. ज्याची त्याने, ज्याच्या त्याच्या हाताने. विभागाचे साहेब दर सोमवारी सकाळी आल्या आल्या ती वही वाचायचे, मग बाकीचे कागद. म्हणजे ही चूक वहीत जायची तर मास्तरांनीच लिहायला हवी होती. आणि त्यांना सांगणार कोण? ज्यांना ती सापडली त्याच.

गुरुवारी मास्तर घरीच होते. उरलेल्या रजा संपवत होते. ताई गेल्या तेव्हा ते स्टुलावर चढून खिडकीच्या बिजागरीत तेल सोडत होते आणि मास्तरीणबाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या.

"बघ बाई, अजून निवृत्त झाले नाहीत तोवर ही गत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सोमवारपासून घरातलं एक दार सुखाने उघडू देणार नाहीत. तू धर जरा हे, मी चहा टाकते."

ताईंनी स्टूल धरलं. वाटेत मनाशी जुळवलेली वाक्यं काही केल्या तोंडातून निघेनात. शेवटी त्यांनी अहवालाचं बोलायला सुरुवात केली, इंजिनिअरच्या पत्राचं सांगितलं, नऊ वाईट दिवसांचं सांगितलं, आणि बिजागरीकडे बघत त्या ओळीवर आल्या. मास्तर ऐकत होते. तेलाचा एक थेंब चौकटीवरून ओघळला तो त्यांनी बोटाने पुसला.

"कुठला आकडा आहे त्या ओळीत?"

"सहा शून्य आठ तीन."

"किती म्हणालीस?"

ताईंनी पुन्हा सांगितला. मास्तर सावकाश खाली उतरले. तेलाची बाटली त्यांनी खिडकीत ठेवली, हात फडक्याला पुसले आणि ताईंकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. ताईंना वाटलं, आता चिडतील. पण त्यांच्या मिशीखाली हसू आल्यासारखं झालं आणि गेलं.

"सॉफ्टवेअर कुणी लिहिलंय?"

"तुम्ही."

"मग झालं तर. माझी चूक." ते खुर्चीवर बसले. "साहेबांनी तुझ्या ऑर्डरवर सही केली का?"

मास्तरांच्या जागी ताई येणार हे ठरल्यासारखंच होतं, फक्त कागद व्हायचा होता. सोमवारी करतील म्हणाले, असं ताईंनी सांगितलं. हे मधेच काय काढलं, असं त्यांना वाटलं. ओशाळलेला माणूस विषय बदलतो, तसं असेल.

"मास्तर, मला हे सांगायला..."

"अगं, सांगितलंस ते बरं केलंस. न सांगतीस तर मी तुला काहीच शिकवलं नाही असं झालं असतं." आणि मग आत बघून, "चहात साखर घालू नका हो, बाईंना चालत नाही."

मास्तरांना एवढं लक्षात होतं. ताईंनी अर्धा चहा पिऊन कप खाली ठेवला.

शुक्रवारी मास्तर सगळ्यांच्या आधी आले. ताई पोचल्या तेव्हा वहीत त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद झालेली होती. *काय चुकलं: तपासणीपुरती घातलेली ओळ काढायची राहिली. कसं सापडलं: विभागातल्या बाईंनी शोधलं. कुणाचं चुकलं: माझं.* खाली सही. मग त्यांनी स्वतःच केंद्राच्या इंजिनिअरला फोन लावला आणि सगळं सरळ सांगून टाकलं. तिसरी केबल येईपर्यंत जुनं केंद्रच चालू ठेवायचं ठरलं. इंजिनिअर उलट आभार मानत होता. साहेबांनी मात्र मास्तरांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने मास्तर बाहेर आले ते काही झालंच नसल्यासारखे, पण जुने अहवाल सगळे पुन्हा तपासायचे असा हुकूम त्यांच्यामागून बाहेर आला.

चार वाजता निरोपसमारंभ झाला. साहेबांचं भाषण आठवड्यापूर्वीच टाइप झालेलं, आणि ते सगळ्यांच्या टेबलावरून गेलेलं. त्यात 'अचूकतेचा आदर्श' असे शब्द होते. त्या जागी येऊन साहेब थांबले, खाकरले आणि पुढच्या ओळीवर गेले. टाळ्या वाजल्या, पण जिवावर आल्यासारख्या. ताईंनी मान वर केली नाही. सगळं आपल्यामुळे झालं असं त्यांना वाटत राहिलं, आणि त्याच वेळी, आपण बरोबरच केलं असंही वाटत राहिलं. मास्तर पुढच्या खुर्चीत बसून बिस्किट चहात बुडवत होते. बिस्किट तुटून कपात पडलं तेव्हा तेवढे जरा त्रासलेले दिसले.

जाताना त्यांनी आपल्या खोलीची किल्ली ताईंच्या हातात ठेवली. "आजच सामान हलव. सोमवारी साहेब सही करतील तेव्हा तू खुर्चीत बसलेली दिसली पाहिजेस."

साडेपाचला विभाग रिकामा झाला. ताईंनी दोन खेपांत फायली आणि कुंडी मास्तरांच्या खोलीत नेली. मग त्या आपल्या टेबलाचा खालचा खण रिकामा करायला बसल्या. अठरा वर्षांचा खण तो. वाळलेली पेनं, चार्जर, कुठल्या कुठल्या कुलपांच्या किल्ल्या, आणि अगदी तळाला प्लॅस्टिकच्या पाकिटात त्यांचं पहिलं ओळखपत्र. पुढे नवी छापील कार्डं आली आणि हे खणात पडलं ते पडलंच. फोटोत दोन वेण्या घातलेली, घाबरलेली मुलगी होती. हिला किती वर्षांत बघितलं नाही, असं म्हणत ताईंना हसू आलं.

कार्ड हाताने लिहिलेलं होतं. तेव्हा विभागात कारकूनही मास्तरच आणि शिपाईही मास्तरच. नाव, हुद्दा, आणि खाली त्याच वळणदार अक्षरात क्रमांक: ६०८३.

ताईंनी एकेका आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला.

मग हळूहळू सगळं आठवलं. नोकरीचा दुसरा आठवडा. सॉफ्टवेअरमध्ये एक दोष एक दिवस दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी गायब व्हायचा. तो दिवस धरून ठेव, सुटू देऊ नकोस, असं मास्तर म्हणाले होते. तो दिवस पुन्हा पुन्हा यावा म्हणून एक आकडा पक्का करायचा होता, कुठलाही. गळ्यात कार्ड होतं, त्यावरचाच ताईंनी घातला. दोष सापडला होता. मास्तरांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला होता. त्या गडबडीत ओळ काढायची राहून गेली. तेव्हा मुलगी बावीस वर्षांची होती आणि आनंदाने तिचे पाय जमिनीवर नव्हते.

तिचा तिला आकडा आठवला नाही. ज्याने तो लिहून दिला होता, त्याला स्टुलावर उभ्या उभ्या आठवला.

ताईंना रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं. बघायला कुणी नव्हतं. मग डोळे पुसून त्या उठल्या आणि दाराशेजारची वही खिळ्यावरून काढली. मास्तरांनी त्या वहीत अठरा वर्षांत चाळीसेक चुका लिहिल्या होत्या, सगळ्या खऱ्या. ही एकच नोंद तेवढी खोटी होती. खाडाखोड करायची नाही, हा त्यांचाच नियम. दुसऱ्याची चूक लिहायची नाही, हाही त्यांचाच.

सोमवारी साहेब आधी वही वाचणार होते आणि मग ऑर्डर. शुक्रवारी ज्यांनी भाषणातले दोन शब्द गाळले, ते सोमवारी काय गाळतील हे ताईंना कळत होतं. पेन त्यांनी जरा वेळ हातात धरून ठेवलं. मग मास्तरांच्या नोंदीखाली सरळ ओळीत लिहिलं.

*काय चुकलं: वरचंच.*

*कसं सापडलं: मास्तरांना काल, आकडा ऐकल्याबरोबर. मला आज, खण आवरताना.*

*कुणाचं चुकलं:* आणि तिथे त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, कार्डावर होतं तसं. कार्ड त्या पानाला टाचणीने लावलं आणि वही खिळ्याला अडकवून टाकली.

मग त्यांनी मास्तरांच्या खोलीतून फायली परत आणल्या, कुंडी परत आणली आणि आपल्या जुन्या टेबलावर जिथल्या तिथे ठेवली. शुभेच्छापत्र सही न करता राहिलं होतं हे त्यांना तेव्हा आठवलं. पण मास्तर ते घेऊन गेले होते.