त्रिरश्मीवर डोल्मा

बुद्धभूषणने लग्नाचा विषय काढला तेव्हा त्याच्या वडिलांनी, भिमाजींनी, एवढंच विचारलं, "मुलगी बौद्ध आहे ना?"

बौद्धच होती. लडाखची डोल्मा, त्याच्याच हॉस्पिटलात नर्स. पण घरी आली तशी तारादेवीचं नाव घेत जपमाळ ओढायला बसली आणि भिमाजींचं मन खट्टू झालं. विहारात दर रविवारी धम्मवर्ग घेणारा माणूस. देवदेवता त्यांच्या वडिलांनीच सोडलेल्या. तरी पाहुणीला नाशिकची त्रिरश्मी लेणी दाखवायला तिघे सकाळीच डोंगर चढले.

चैत्यगृहात डोल्मा गोंधळली. "बाबा, बुद्ध कुठे आहेत?"

"हेच," भिमाजींनी स्तूपाकडे हात केला. "सुरुवातीला मूर्ती घडवत नसत. तेव्हाचे भिक्खू यालाच वंदन करायचे."

तिने हळूहळू प्रदक्षिणा घातली. "आमच्या गोम्पात, म्हणजे मठात, भिंतभर बुद्ध. इथे एकही नाही, तरी वाटतं, आहेत."

भिमाजींना ते फार आवडलं. पुढची लेणी दाखवायला ते तरातरा निघाले. तिथे भल्यामोठ्या बुद्धमूर्तीशेजारी कमळ धरून उभी असलेली आणखी एक मूर्ती कोरलेली होती. डोल्मा थबकली.

"हे आमचे चेनरेझिग! करुणेचे बोधिसत्त्व. सगळे दुःखातून सुटेपर्यंत मी थांबेन, म्हणणारे."

भिमाजी त्या मूर्तीच्या अगदी जवळ गेले. इतकी वर्षं ते वर्गातल्या मुलांना ही मूर्ती बुद्धाचा 'सेवक' म्हणून दाखवत होते. लडाखची प्रार्थना नाशिकच्या दगडात!

"पण यांच्याकडे मागायचं, म्हणजे देवच झाले की," भिमाजी म्हणाले.

"काही लोक मागतात. माझे आजोबा म्हणायचे, मागू नकोस, त्यांच्यासारखी हो."

"मग माळ कशाला?"

"मन पळतं ना. तुम्ही काय करता?"

"आनापान. नुसता श्वास बघायचा."

"मग काम एकच."

"एक कसं? श्वास कुणाचं नाव घेत नाही."

"मग शिकवा मला. मी तुम्हाला माळ शिकवते."

वाद पायऱ्यांवर रंगला, खाली रसवंतीतही थांबेना. डोल्माने भिमाजींच्या बाजूचा थेरवाद धरला, भिमाजी तिच्या महायानाची बाजू मांडू लागले. कुणी कधी बाजू बदलली, कळलंच नाही. ग्लासातला बर्फ विरघळून गेला.

"रविवारी वर्गात ये," भिमाजी म्हणाले. "तुझं तू सांग, माझं मी सांगतो. मुलांना दोन्ही कळू दे."

"बाबा, लग्नाचं..." बुद्धभूषण चाचरत म्हणाला.

"ते आईशी बोल, तारीख ती काढेल," भिमाजी म्हणाले आणि पुन्हा डोल्माकडे वळले. "हां, तर शून्यतेचं काय म्हणत होतीस?"