कपाटातल्या किटलीची लाज

मी एक जुनी, लांब चोचीची पितळी किटली आहे. इस्रायलमधल्या गालिलीत, ज्यूंच्या एका किबुत्झच्या म्हणजे सामाईक शेतवस्तीच्या भोजनगृहात, काचेच्या कपाटात मला मांडून ठेवलं आहे. डोक्यावर दिवा आणि बुडाखाली मखमल. येणारे-जाणारे म्हणतात, "किती सुंदर!" आणि मित्रांनो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म नाझरेथच्या एका तांबटाकडे झाला. त्यानं मला ठोकून ठोकून आकार दिला, आतून कल्हई केली. ऐन तूत नावाच्या अरब गावातल्या अबू रशादनं मला विकत घेतलं. तो गावचा मुख्तार, म्हणजे तुमच्याकडचा पाटीलच म्हणा ना. त्याच्या बैठकीत मी दिवसभर निखाऱ्यांवर बसलेली असे. कॉफीतल्या वेलदोड्याचा वास पार वेशीपर्यंत जाई. लग्न ठरो की भांडण मिटो, पहिला मान माझा. फार मिजास होती मला तेव्हा.

मग शेजारच्या माळावर ज्यू लोक राहायला आले, त्यांनी हा किबुत्झ वसवला. युरोपात त्यांना जगणं अवघड झालं होतं. ते एकत्र नांगरायचे, एकाच पंगतीला जेवायचे. त्यांच्यातला झेलिग नावाचा लालबुंद चेहऱ्याचा माणूस एकदा अबू रशादकडे आला. ओढ्यावरून पाणी आणायला त्यांना गावच्या रानातून वाट हवी होती. त्यानं बसल्या बसल्या कॉफी घटाघट प्यायली आणि मग मागणं मांडलं. बैठकीत खसखस पिकली.

"अरे पाहुण्या, पिऊन मोकळा झालास? आता कुठल्या तोंडानं मागतोस!" अबू रशाद डोळे पुसत हसला. "आमच्याकडं मागणं घेऊन आलेला माणूस पेला समोर ठेवतो. घरधनी हो म्हणाला की मगच ओठाला लावतो. घे, दुसरा ओततो. आता नीट माग."

झेलिगनं पेला खाली ठेवला. "वाट दे, अबू रशाद."

"दिली. पी आता, गार होईल."

पुढे झेलिगला मुलगी झाली, तेव्हा अबू रशादनं मला भेट म्हणून त्याच्या घरी धाडलं.

नंतरची वर्षं वाईट गेली. जमीन कुणाची, देश कुणाचा, यावरून दोन्हीकडे रक्त सांडलं. झेलिगची बायको ब्रोन्या, तिचा धाकटा भाऊ रस्त्यावर अरब बंदूकधाऱ्यांची गोळी लागून मेला. तिचं बाकीचं माहेर पोलंडात नाझींनी आधीच संपवलं होतं, हा एकटाच उरला होता. दुसऱ्या एका अरब गावात ज्यू बंदूकधाऱ्यांनी बाया-पोरांना मारल्याची बातमी आली, त्या दिवशी ऐन तूतमध्ये चुली पेटल्या नाहीत. १९४८ साली इस्रायल देश झाला, युद्ध झालं, आणि त्याच्या सैनिकांनी ऐन तूत रिकामं करायला लावलं. "पंधरा दिवसांनी परत या," म्हणाले. लोकांनी कोंबड्यांपुढे पंधरा दिवसांचे दाणे टाकले आणि ते टेकडीपलीकडच्या गावात सोयऱ्यांकडे गेले.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मग एका दुपारी अबू रशाद झेलिगच्या दारात आला. कोट भिजलेला, दाढी वाढलेली. झेलिगनं मलाच चुलीवर चढवलं. अबू रशादनं भरलेला पेला समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"तुझ्या शब्दाला वजन आहे, झेलिग. सांग त्यांना, आम्हाला घरी येऊ द्या. जैतुनाची फळं झाडावर सुकायला लागलीत."

"माझ्या हातात काय आहे? सगळं लष्कराकडं."

"नुसतं विचारून तरी बघ."

"आणि उद्या त्याच रानातून कुणी बंदूक घेऊन आला म्हणजे?" आतून ब्रोन्या म्हणाली. "माझं आता उरलंय कोण?"

"तुमच्या भावासाठी माझी बायको रडली होती, बाई," अबू रशाद म्हणाला.

पदर नसतो तिकडच्या बायकांना, ब्रोन्यानं बाहीनंच तोंड पुसलं.

त्या पेल्याचा अर्थ झेलिगला पक्का ठाऊक होता. पण आदल्याच आठवड्यात ऐन तूतची रानं नांगरायला घ्यायची, असं किबुत्झच्या सभेत ठरलं होतं आणि त्यानंही हात वर केला होता. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "पी रे. गार होईल."

नकार द्यायला त्याला नेमके अबू रशादचेच शब्द सापडले. अबू रशाद उठला आणि न पिताच गेला. झेलिगनं तो पेला मोरीत ओतला. माझ्याच पोटातली कॉफी होती ती. हिवाळा सरायच्या आत लष्करानं ऐन तूतची घरं सुरुंगानं उडवली. आज तिथं किबुत्झची नाशपातीची बाग आहे.

पुढे आणखी युद्धं झाली, कुंपणं वाढली, दोन्हीकडच्या आया मुलांना पुरत राहिल्या. झेलिगनं मला पुन्हा कधी चुलीवर ठेवलं नाही. तो गेल्यावर त्याची नात मिखाल हिनं मला लिंबानं घासून या कपाटात मांडलं. शाळांच्या सहली येतात, त्यांना ती सांगते, "ही शेजाऱ्यांच्या मैत्रीची खूण. नंतर ते लोक निघून गेले." मुलगी वाईट नाही. तिला घरातून एवढंच कळलं आहे.

मागच्या सहलीत एका चिमुरडीनं विचारलं, "कुठं गेले?"

"लांब," मिखाल म्हणाली.

पलीकडे ओट्याशी मुनीर काकड्या चिरत होता. तो इथला आचारी, बरीच वर्षं झाली त्याला. त्याची सुरी थांबली.

"लांब नाही गं पोरी," तो म्हणाला. "टेकडीपलीकडं. मी रोज तिथूनच येतो. ही किटली माझ्या आजोबांची."

मिखालचा चेहरा उतरला. "मुनीर, तू कधी बोलला नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

चिमुरडी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "मग तुम्ही संध्याकाळी टेकडीपलीकडं का जाता? तुमच्या गावी का नाही जात?"

मुनीरनं मिखालकडे पाहिलं. मिखालनं माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या बाईंनी मुलीला हाताला धरून बसकडे नेलं. जाताना ती मागं वळून वळून बघत होती.

मित्रांनो, माझी निगा राखायची म्हणून लिंबू आणू नका, मखमल बदलू नका. माझ्या मानेला वाकता येत नाही, म्हणून मी अशी ताठ दिसते. तुम्हाला काही करायचंच असेल, तर त्या मुलीला खरं उत्तर द्या.