चार वजनकाट्यांवरची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची मोटार आहे, आणि मला मागची सीट नाही. ती काढून टाकली. पुढची डावी सीट काढली, स्टेपनी काढली, पायाखालचे गालिचेसुद्धा काढले. आता माझ्या पोटात एकच माणूस बसू शकतो. त्या एका माणसावरून केवढा प्रसंग ओढवला होता, तेच आज तुम्हांला सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली पाच माणसांची होते. माझ्या पहिल्या मालकांचे चष्म्यांचे दुकान होते. रोज सकाळी ते माझ्या काचा स्वतः पुसत, आणि काचेवर कोणाचे तेलकट बोट दिसले की घरभर चौकशी होई. पुढे त्यांचीच नजर अधू झाली. गाडी चालवणे सुटले आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. चाकांतली हवा गेली. बॉनेटखाली मांजरीने पिल्ले घातली. येणारे-जाणारे म्हणत, "चांगली गाडी होती हो." ते 'होती' ऐकून ऐकून मी पत्र्यापेक्षा मनाने जास्त गंजले.

मग एक तरुण मिस्त्री मला आपल्या गॅरेजात घेऊन आला. तो शर्यतीच्या गाड्या तयार करी. या शर्यतीत वळणे नसतात. सरळ पट्ट्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की सुटतात, आणि आधी पोचेल ती जिंकते. सगळा खेळ पहिल्या झेपेचा. बस अचानक सुटली की उभी माणसे मागे झुकतात ना, तसाच माझा भारही झेप घेताना मागे जातो. मागची चाकेच मला ढकलतात, म्हणून तो भार त्यांच्यावर पडला तर ती रस्ता घट्ट पकडतात. यासाठी मिस्त्रीने माझी जड बॅटरी पुढून काढून डिकीत बसवली आणि पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या. आता झेप घेताना माझे नाक झटकन वर येई.

पण नाक वर आले की पुढची चाके जमिनीला जेमतेम टेकतात. तेवढ्या वेळात स्टिअरिंग म्हणजे हातात धरलेले नुसते कडे. मागची दोन्ही चाके सारख्या जोराने ढकलतील तरच गाडी सरळ जाणार.

म्हणून मला चार वजनकाट्यांवर उभे केले, प्रत्येक चाकाखाली एक. मागच्या स्प्रिंगांखाली चकत्या असतात. त्या पान्ह्याने थोड्या थोड्या फिरवायच्या, की दोन्ही मागच्या चाकांवरचे वजन सारखे होते. हे करताना चालकाच्या जागेवर माणूस हवाच. लोकांच्या गाड्या असत तेव्हा मालक आत बसे आणि मिस्त्री पान्हा फिरवी. पान्हा तो दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसे. माझा मात्र मालकही तोच होता.

"मामा, बसा जरा आत," तो म्हणाला.

त्याचे मामा अंगाने भरभक्कम. दारातून आत शिरेपर्यंत मला घाम फुटला. "बसण्याचंच काम असेल तर जन्मभर सांग," ते म्हणाले. मी एका अंगाला दबले. मिस्त्रीने चकत्या फिरवल्या, काट्यांवरचे आकडे जुळवले आणि खूश होऊन हात पुसले. आतला माणूस चुकीचा आहे हे मला कळत होते, पण मला बोलता कुठे येते?

शर्यतीच्या दिवशी सकाळी सरावाची झेप होती. उजव्या हाताला पट्ट्याला लागून सिमेंटची भिंत होती. मिस्त्रीची बायको बाळाला कडेवर घेऊन कठड्याशी उभी होती. दिवा हिरवा झाला. माझे नाक उठले, आणि त्याच क्षणी मागचे उजवे चाक जागच्या जागी फिरू लागले. डावे एकटेच ढकलत होते. मी उजवीकडे वळले. त्याने स्टिअरिंग डावीकडे ओढले, पण पुढची चाके हवेत होती, ऐकणार कोण? भिंत जवळ आली. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, नाक आपटले, मला हिसका बसला, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर मी थांबले.

"धूळ आहे पट्ट्यावर," तो परत येऊन म्हणाला.

"शेजारची गाडी सरळ गेली. तिच्याकडे धूळ नव्हती?" बाळाच्या आईने विचारले.

त्याने चाकांतली हवा कमी केली आणि पुन्हा झेप घेतली. पुन्हा मी भिंतीकडेच ओढली गेले. आता खरी शर्यत तेवढी उरली होती.

"नको जाऊस," ती म्हणाली.

"मी गाड्या सरळ करतो म्हणून लोक माझ्याकडे येतात. माझीच वाकडी निघाली म्हणून पळून जाऊ?"

"जा म्हणावं लोकांना. हे एवढंसं आहे अजून," तिने बाळाकडे मानेने खूण केली. "याला तुझे नुसते फोटो दाखवू?"

तो हेल्मेट घेऊन बाकावर जाऊन बसला. मला रांगेत न्यायला मामा आत शिरले. ती बघत होती. तिची नजर सदा कशावर तरी असेच; बाळाने काय उचलले, दाराशी काय पडले. मामांनी मला रांगेत उभे केले तेव्हा तिने माझे मागचे उजवे चाक आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटे घालून पाहिली; मग मामा उतरले. मिस्त्री आत बसला. ती पुन्हा त्याच चाकाशी वाकली आणि त्याच फटीत बोटे घालून बघू लागली.

"मघाशी दोन बोटं जात होती. आता तीन जातात. काट्यावर चढवली तेव्हा आत कोण बसलं होतं?"

"मामा."

"आणि चालवणार कोण?"

मिस्त्रीने डोळे मिटले. मामा हळूच म्हणाले, "सूनबाई, माझ्या पोटावर आणू नका सगळं."

"पोटावरच आलंय, मामा. तुमच्याइतकं वजन धरून गाडी जुळवली. हा बसला की उजवी बाजू हलकी पडते, ते चाक रस्ता धरत नाही."

सामानाच्या गाडीतून वजनकाटे उतरवले, सपाट जागा शोधली, मला पुन्हा चारही काट्यांवर चढवले. शर्यत पुकारायला थोडाच वेळ होता. मिस्त्री सवयीने पान्हा घेऊन उतरू लागला.

"उतरायचं नाही," ती म्हणाली. "उतरलास की सगळं परत चुकलं. पान्हा दे."

मित्रांनो, पान्हा सोडताना त्याची बोटे मी पाहिली आहेत. तिने बाळ मामांकडे दिले आणि चाकाआडून हात घातला. तो आतून सांगत होता, "उजवी चकती. आवळ. हळू, अगं हळू." मामा बाळाला झुलवत आकडे वाचत होते. ती पान्हा फिरवी, मला दोन्ही हातांनी दाबून हलवी, पुन्हा आकडा विचारी. तिच्या कपाळाला काळे लागले. शेवटी दोन्ही आकडे जुळले, तेवढ्यात आमचे नाव पुकारले गेले.

तिने खिडकीतून आत पाहिले. "भिंतीकडे गेली की पाय काढायचा. तिथल्या तिथे. कबूल?"

"कबूल."

ती या वेळी कठड्याशी गेली नाही. बाळाला छातीशी घट्ट धरून पाठ करून उभी राहिली. खरे सांगू, भीती मलाही होती. दिवा हिरवा झाला. नाक उठले. दोन्ही चाकांनी एकदम रस्ता पकडला. स्टिअरिंग त्याच्या हातात तसेच पोकळ होते, पण त्याला ते वळवावेच लागले नाही. भिंत माझ्या बाजूने नुसती वाहत गेली.

शेजारची गाडी आमच्या आधी पोचली.

"हरलास की रे भाच्या," परत आल्यावर मामा म्हणाले.

बाळाच्या आईने वळून पाहिले. भिंतीवर ओरखडा नव्हता, माझ्या पत्र्यावर पोचा नव्हता, आणि तो हेल्मेट काढत होता. "सरळ गेला ना?" तिने विचारले आणि मग माझ्या चाकाला टेकून खालीच बसली.

मित्रांनो, आम्हां यंत्रांना तोंड नसते. आम्ही चुकत असलो तर फटीतून, आवाजातून, कलण्यातून सांगतो. ते बघायला कोणीतरी वाकावे, एवढेच माझे मागणे आहे. आणि कोणासाठी काही जुळवायला घ्याल तेव्हा ज्याचा जीव त्यात बसणार आहे, त्यालाच आधी आत बसवा. आमच्या गॅरेजात आता तसेच होते. मी काट्यांवर चढते, पान्हा तिच्या हातात असतो, आणि मिस्त्री हात मांडीवर ठेवून, ओठ आवळून, आत गुपचूप बसून राहतो.