एक ठिपका सोडून

रुपचंद सरांच्या क्लासात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं सर म्हणायचे. जळगावात धुळीशिवाय दुसरं आहे काय, असं माझ्या जिभेवर यायचं. देवळात कोणी पाळत नाही एवढं सोवळं त्या खोलीत होतं. आत तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि चौघांवर सरांच्या बायकोने शिवलेली फुलाफुलांची कव्हरं. सन त्र्याण्णवचा हिवाळा. मी पाचोऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातून पॅसेंजरने यायचे, कॉलेज करायचे, मग क्लास, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परत.

त्या दिवसांत सर आमच्याकडून नुसत्या फुल्या काढून घेत होते. पहिल्या ओळीत एक फुली, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मग तोच त्रिकोण उलटा करायचा. मग देवळाच्या शिखरासारखा मधोमध उभा करायचा. मला याचा मनापासून वैताग आला होता.

"सर, एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला? पाटी पुरली असती," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

सर रागावले नाहीत. "पाटीवर तू काढतेस. इथे तू सांगायचं आणि त्याने काढायचं. सांगायला आधी ओळखावं लागतं, कुंदा. ओळीओळीला काय बदलतं आणि काय तसंच राहतं, ते बघ."

मी बघितलं नाही. माझं लक्ष घरी होतं. माझी माय झुंबरबाई महिनाभरापूर्वी धुळ्याहून परत आली होती. पोटात गाठ होती. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. घरी न्या, काय आवडतं ते खाऊ घाला, असं आबांना सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, ते ऐकून धुळ्याच्या स्टँडवर डोक्याला हात लावून बसले होते. मायला कोणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, ती काही दूधपिती नव्हती.

कापूस घरात आला होता. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला आणि त्याच्या शेजारी मायची खाट. मी गाडीने परतले की तिथूनच ती "उनी का?" म्हणजे आलीस का, असं विचारायची, आणि मी "उनू" म्हणायचे. एका रविवारी मी तिचे पाय चेपत होते. तिने माझा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मनगटापासून कोपरापर्यंत निरखला.

"तुना हात कोरा शे," ती म्हणाली.

"मग?"

"मी तुले तठे कशी वळखसू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडच्या बायांचं म्हणणं असं की, माणूस जातं तेव्हा सोनं-नाणं इथेच राहतं, अंग जळतं, चेहरासुद्धा जळतो. सोबत येतं ते फक्त गोंदण. वर आई लेकीला ओळखते ती गोंदणावरून. मायच्या हातावर होतं, तिच्या आईच्या हातावर होतं. माझ्या नव्हतं, आणि ते मायनेच होऊ दिलं नव्हतं. मी चौथीत असताना गोंदणारीण दारात आली, तेव्हा माय कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "मन्ही पोर शिकी ऱ्हायनी. तिना हात कोरा ऱ्हाऊ दे." सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. आता तीच बाई, तोंडावर पदर ओढून, आवाज न करता रडत होती.

"माय, मी काही लगेच येत नाही तिथे," मी म्हणाले. तिला हसवायला म्हणून.

कॉलेजात मी विज्ञान शिकत होते. मेल्यावर कोण कोणाला ओळखतं याबद्दल माझं मत होतं, आणि ते मी त्या खाटेपाशी उच्चारणार नव्हते. तिला भीती वाटत होती, एवढं खरं होतं. मरणाची नाही. तिथे लाखो बायांत आपली पोर हरवेल, याची. मी म्हटलं, मी गोंदून घेते, तुझ्यासारखंच. त्यावर तिने पदर बाजूला केला.

पण तिच्यासारखं म्हणजे कसं? तिच्या हातावर मी जन्मभर पाहिलं ते एक हिरवं डाग पडल्यासारखं काहीतरी. वर्षानुवर्षांत ठिपके पसरून एकमेकांत मिसळले होते, त्यात आता हात सुजलेला. चौक आहे, टोकावर उभा, एवढंच ती सांगू शकली. मूळची गोंदणारीण कधीच वारली होती. पाचोऱ्याच्या बाजारात एक मशीनवाला बसायचा, मोटारीच्या बॅटरीवर सुई चालवायचा. त्याच्या फळीवर गुलाब होता, विंचू होता, नाग होता. चौक नव्हता. "कागदावर काढून आणा, ताई," तो म्हणाला, "जसं दिसेल तसं उतरवतो."

मी वहीत चार वेळा काढून पाहिलं. रांगा वाकड्या यायच्या, एक बाजू फुगायची. माझा हात चित्रकलेचा नाहीच.

मंगळवारी सरांनी फळ्यावर नवा आकार काढला. वरून एक फुली, मग दोन, मग तीन, चार, पाच, आणि पुन्हा चार, तीन, दोन, एक. हिऱ्याचा आकार, ते म्हणाले. मी फळ्याकडे पाहत राहिले. टोकावर उभा चौक. त्या फळ्यावर मायचा हात होता. डोळे भरून आले म्हणून मी मान खाली घातली आणि लिहायला लागले.

बाहेरचं लूप ओळी मोजतं, आतलं एक आधी मोकळ्या जागा सोडतं, दुसरं फुल्या टाकतं. पहिल्यांदा आकार काकडीसारखा लांबोडका आला. सरांनी सांगितलं, दोन फुल्यांमध्ये एक जागा सोड, अंग धरेल. सोडली. पडद्यावर काळ्यावर पांढरा, डौलदार चौक उभा राहिला. सरांना म्हटलं, मला हे छापून हवं. प्रिंटरची शाई सर जिवापाड जपत, पण माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी कव्हर काढलं. कर्रर्र कर्रर्र करत कागद बाहेर आला. दोन्ही कडांना भोकं असलेला तो कागद मी पॅसेंजरमध्ये छातीशी धरून नेला.

मायने कागद लांब धरला, जवळ धरला. मी वाट पाहत होते, आता म्हणेल, आता म्हणेल.

"हाई मन्हं नही," ती म्हणाली.

"कसं नाही? चौकच आहे ना? टोकावर उभा?"

"चौक शे. पन हाई कोनंबी व्हई. बठ्ठा ठिपका जागवर शेतस."

सगळे ठिपके जागच्या जागी आहेत म्हणून हा कोणाचाही असू शकतो, हे ऐकून मी चिडले. चार दिवसांची धडपड, आणि ही आजारपणातही खोड काढते. "मग तुझ्यात काय सोन्याचे ठिपके होते?" असं बोलून गेले. आबांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. माय मात्र रागावली नाही. ती दम घेत घेत सांगू लागली.

ती सात-आठ वर्षांची होती. गोंदणारणीने आधी चौकाची कड गोंदली, मग पोट भरायला घेतलं. माय ओरडत होती, तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, तिचा हात गुडघ्यात दाबून धरला होता. एकच ठिपका उरला तेव्हा माझी माय वेदनेने अशी उसळली, की आजीची पकड सुटली. "मी हात वढी लिधा. पुढे द्यायलेच तयार नही." गोंदणारीण म्हणाली, अर्धवट चौक अपशकुनी, पुरा करू द्या. तेव्हा आजीने तिचं सुईचं भांडं बाजूला सारलं. "माय बोलनी, ऱ्हाऊ द्या. चौक ते बठ्ठीस्ना हातवर शे. यावरथीन मी मन्ही झुंबरले वळखी लिसू."

चौक सगळ्यांच्याच हातावर असतो, झुंबरची खूण म्हणजे ती रिकामी जागा, असं आजीचं म्हणणं. हे सांगताना मायचं बोट कागदावर फिरत होतं. मधल्या ओळीच्या खालच्या ओळीत, डावीकडून दुसऱ्या फुलीवर ते टेकलं. ही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. सहावी ओळ आणि दुसरी फुली असेल तर फुली नको, नुसती जागा सोड. चालवून पाहिला. चौकाच्या पोटात एक बारीकसं भोक पडलं. मागून सर आले.

"एक गळली बघ. तपासून घे, परवा परीक्षा आहे."

"गळली नाही, सर. सोडली आहे."

"का पण? नियमात बसत नाही."

मग मी सांगितलं. शेजारच्या दोन मुली टाइप करायच्या थांबल्या. मी भराभरा, थोडं रागातच सांगितलं, कारण हळू सांगितलं असतं तर रडले असते. सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग ती ओळ काढू नकोस," ते म्हणाले, आणि स्वतःच प्रिंटरचं कव्हर काढायला गेले.

हा कागद मायने हातात घेतला मात्र, तिचं बोट सरळ त्या मोकळ्या जागेवर गेलं. तिचा चेहरा उजळला. आजारपणात मी तिला तशी पाहिली नव्हती.

"हाई मी शे," ती म्हणाली. मग कागदावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "आते तू कोठे शेस?"

"मी हेच गोंदणार ना, माय. तुझ्यासारखंच."

"येडी." तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला. "दोन्हीस्ना सारखाच व्हयना ते मी कोना हात धरसू?"

आबा बाहेर बैलांना पाणी दाखवत होते. मला पहिल्यांदाच कळलं की ती जाणार आहे. म्हणजे डॉक्टरांचं ऐकलं होतं, पण आत शिरलं नव्हतं. ती तिथे जाऊन मला शोधायची तयारी करत होती. आणि मी नुसतं तिची नक्कल उतरवायला निघाले होते. मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तिने माझी मान वर केली, कागद पुढे ओढला आणि बरोबर मधोमध, पाचव्या ओळीतल्या तिसऱ्या फुलीवर बोट ठेवलं.

"हाऊ सोड. हाऊ तुना."

तिसरा कागद घेऊन मी पाचोऱ्याच्या बाजारात गेले. मशीनवाल्याने आधी कागदाच्या भोकांकडे पाहिलं, मग चौकाकडे. आमच्याकडचा माणूस दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पाहून स्वस्थ बसत नाही. सुई पोटापर्यंत आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, इथे छापायचं राहिलं बघा. टाकून देतो," आणि टाकायला वाकलाच. मी सगळा जीव एकवटून हात ओढला. आजूबाजूच्या बाया हसल्या, शिकलेली पोर सुईला भ्याली म्हणून. हसू दे. मी त्याला सांगितलं, एक ठिपका सोडून बाकीचे कर, आणि तो सोडलेला विसरलास तर बॅटरीसकट तुला गाडीखाली घालीन. त्याने नीट केलं.

घरी आले तेव्हा आबा दारातच उभे होते. "तिले आते काही समजत नही," ते म्हणाले. सकाळपासून तिने डोळे उघडले नव्हते. आबांना ती तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारत होती. मी खाटेपाशी बसले, हाक मारली. तिने कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली नाही.

माझा हात ठणकत होता. ताजं गोंदण सुजून वर येतं, एकेक ठिपका वाटाण्याच्या सालीइतका उचललेला असतो. मी तिचा हात घेतला आणि माझ्या हातावर ठेवला.

बराच वेळ तो नुसता पडून होता. मग तर्जनी हलली. वरच्या टोकाला एक. खाली दोन. बोट अडखळत, दम घेत ओळीने सरकत होतं. मला आग होत होती, मी दात दाबून हात धरला. तीन. चार. पाचव्या ओळीत ते पहिल्या ठिपक्यावर आलं, दुसऱ्यावर आलं, पुढे सरकलं आणि थांबलं. तिथे कातडी सपाट होती. बोटाने पुन्हा चाचपलं, दोन्ही बाजूंचे ठिपके लागले, मधे काही लागलं नाही.

"उनी का, कुंदा?" माय म्हणाली.

"हा माय, उनू."

तिने बोट तिथेच ठेवलं, आणि मी हात हलवला नाही.