थुनेरच्या सालीचा लाल हात

हदगावच्या बाजारातल्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. थुनेरबाबानं एका बाईच्या तळहातावर पिवळा अंगारा चोळला, हिमालयातल्या थुनेर झाडाची म्हणून एक साल पाण्यात बुडवली आणि ते पाणी हातावर सोडलं. हात लालभडक!

"बघा, क्यान्सर बाहेर पडून राहिला!" बाबा गरजला. "डाक्टर नुसत्या सुया टोचतो. आम्ही रोग मुळासकट उपटतो!"

लोकांनी हात जोडले. सत्यशीला मात्र गर्दीतून वाट काढत पुढं सरकली. पुढचा नंबर तिच्या आईचा, सरस्वतीबाईचा होता. नांदेडला किमोचे तीन डोस झाले होते, चौथा उद्या. केस गेले, तोंड आलं. कंटाळून ती कुणाला न सांगता इथं आली होती. तिला शोधत आलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी लेक तिच्याजवळ पोचली, तेव्हा त्याच सालीच्या काढ्याचा पेला आईच्या ओठांशी होता.

सत्यशीलानं पेल्यासकट आईचा हात धरला. "बाबा, साल खरी थुनेरचीच?"

"शंभर टक्के!"

"मग आधी तुम्ही प्या. थुनेर विषारी असतं, काढ्यानं हृदय बंद पडतं. अन् ते झाड संरक्षित हाय. साल कुणाच्या परवानगीनं काढली?"

दोन शिष्य धावून आले. "हिला बाहेर काढा!" बाबा ओरडला.

सरस्वतीबाई हात सोडवू लागली. "सोड गं, मला जगायचं हाय!"

"म्हणूनच धरलंय, माय."

पानवाला रामकिशन गर्दीतून ओरडला, "बाबा, एक घोट घ्या की!"

"हाव, घ्या!" लोक उठून उभे राहिले.

बाबाला घाम फुटला. "अरे... परवानगी कशाला लागते? बाभळीची साल हाय ती."

सत्यशीलानं रामकिशनकडून चुना घेतला, पाण्यात कालवला. बाबाचा अंगारा स्वतःच्या हातावर चोळून वर ते पाणी ओतलं. हात लाल! "हा अंगारा म्हणजे हळद. बाबाच्या पाण्यात चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरी करून बघा."

मग ती आईकडं वळली. "थुनेरच्या जातीच्या झाडातच एक औषध सापडलं, माय. तुझ्या सलाईनमधून तेच जातं. पण शुद्ध केलेलं, मापून दिलेलं, हजारो रोग्यांवर तपासलेलं."

"मी बरी होईन?"

"खात्री डॉक्टरबी देत न्हाईत. पण विचारलं तर रिपोर्ट समोर ठेवतात." ती गर्दीकडं वळली. "प्रश्न विचारला म्हणून जो बाहेर काढायला सांगतो, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका."

सरस्वतीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "नांदेडची सकाळची गाडी कितीला हाय?"