पत्र्यांवरची विरळ झाडी

शहराचे सतरा प्रकार असतात, हे नकाशा विभागातल्या रंगाऱ्याला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. दाट उंच इमारती, विरळ उंच इमारती, दाट ठेंगणी घरं, दाटीवाटीची पत्र्याची घरं, मग गोदामं, झाडी, गवत, पाणी, असं करत सतरा. कुठला भाग किती तापतो ते या प्रकारावरून ठरतं, आणि ज्याला ठरवायचं असतं तो पंख्याखाली बसून ठरवतो. रंगारी हे कचेरीतलं टोपणनाव. ब्रश त्याने आयुष्यात हातात धरला नव्हता. उपग्रहाचं चित्र उघडायचं, प्रत्येक प्रकारच्या पाच नमुन्यांभोवती रेघ मारायची, की त्या नमुन्यांवरून बाकीचं शहर यंत्र ओळखणार आणि रंगवणार. यंत्र भारी आज्ञाधारक. गुरूने गाढवाला घोडा म्हटलं की ते जन्मभर घोडाच म्हणणार.

नकाशा झाला, छापला, भिंतीवर लागला. तो एक्क्याण्णव टक्के अचूक असल्याचं साहेबांनी जाहीर करून टाकलं. त्यावरून लगेच योजनाही निघाली: सगळ्यात जास्त तापणाऱ्या भागांतल्या छपरांना कडक उन्हाळ्याआधी पांढरा रंग, ऊन परतवणारा, फुकट. यादी शुक्रवारी बंद होणार होती.

मंगळवारी त्याच्या ताईचा फोन आला. ताई शाळेचे गणवेश शिवायची, पत्र्याच्या एका खोलीत. तेच घर आणि तोच कारखाना. गेल्या उन्हाळ्यात ती शिवता शिवता मशीनवरच कोसळली होती. दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टरीणबाईंनी धाकट्या भावाला, म्हणजे रंगाऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा असं झालं तर मला काही करता येईल असं धरून चालू नका."

"अरे, आमच्या छपराला रंग कधी लावताय?" ताईने विचारलं.

त्याने नकाशातली तिची चौकट उघडली. अख्खी गल्ली हिरवीगार.

"ताई, तुझ्याकडे विरळ झाडी आहे."

"कुठे?"

"तू राहतेस तिथे."

"मग मी कुठे राहते?"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो गल्लीत गेला आणि मान वर करून बघतच राहिला. उन्हाला वैतागून लोकांनी पत्र्यांवर हिरवी जाळी ताणली होती, इमारतींच्या बांधकामाला लावतात ती. जुनी, फाटकी, तुकड्यातुकड्यांची. झाडीचा पाचवा नमुना सापडत नव्हता, जेवणाची सुट्टी व्हायला आली होती, म्हणून त्याने घाईघाईत ज्या हिरव्याभोवती रेघ मारली होती, ते हेच हिरवं. ज्या घरात तो हजारदा जेवला होता ते त्याने वरून ओळखलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

बुधवारी तो साहेबांपुढे उभा राहिला आणि चूक कबूल केली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नकाशा एक्क्याण्णव टक्के बरोबर आहे, असं आपण म्हटलंय ना?"

"हो साहेब."

"म्हणजे नऊ टक्के चूक असणारच. तुमच्या ताई त्या नऊ टक्क्यांत आल्या. यात चूक कसली?"

पण रंगारी टेबलापासून हलेना. शेवटी साहेब कंटाळले आणि गुरुवारी दुपारी तापमापक घेऊन स्वतः गल्लीत आले. ताईने एकुलती एक खुर्ची पुढे केली. पारा चव्वेचाळीसवर गेला. साहेबांनी तापमापक झटकून पाहिला, तरी चव्वेचाळीसच.

"यंत्र बिघडलंय. विरळ झाडीत छत्तीसच्या वर जात नाही."

"दहा मिनिटं बसा साहेब, मग बोलू," ताई म्हणाली. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

साहेब चार मिनिटांत उठले. रुमाल पिळता येईल इतका ओला झाला होता. ऊन त्यांना कळलं, पण नकाशा त्याहून आधी कळलेला होता. गाडीत बसल्यावर त्यांनी शेरा लिहून घेतला: "सदर झाडी अपेक्षित थंडावा देत नाही. झाडांची प्रकृती तपासून उद्यान विभागाने योग्य कार्यवाही करावी." ताईच्या गल्लीचं नाव न येताच शुक्रवारी यादी बंद झाली. रंगाऱ्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता उद्यान विभाग म्हणजे कागद आला की हलणारा. आठवड्याने पाण्याचा टँकर आला आणि त्यातून एक म्हातारा माळी उतरला. झाडी कुठेय, म्हणून त्याने विचारलं. सगळी गल्ली हसली. माळी मात्र हसला नाही.

"माझ्या कागदावर इथे हिरवं आहे. वर बघतो तर हिरवं आहे. रोज दुपारी पाणी घाल म्हणून लिहिलंय. मी घालणार."

त्याने पाइप उचलला आणि जाळ्यांवर धार सोडली. जाळी भिजली, पत्रे चरचरले, आणि थोड्या वेळाने ताईच्या खोलीत कित्येक दिवसांनी श्वास घेण्याजोगी हवा झाली. तेव्हापासून तो रोज बाराला यायचा आणि तीनला पुन्हा. सुट्टीच्या दिवशीही यायचा, कारण झाडांना सुट्टी नसते. भर उन्हाळा आला तरी ताई मशीनवर ताठ बसलेली होती.

महिन्याभराने साहेब बदलले. नव्या आलेल्या बाई खरोखर सरळ. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं.

"नकाशात कुठे चूक असेल तर निःसंकोच सांगा. मी आजच दुरुस्त करते. रंग मात्र पुढच्या वर्षीच्या यादीत मिळेल."

"आणि झाडीला पाणी घालायला येणारा टँकर?"

"झाडीच नसेल तर टँकर कशाला?"

त्याने एक दिवस मागून घेतला आणि तडक गल्ली गाठली. छपरावरून पाणी ठिबकत होतं. ताई बाहीला शिलाई घालत होती. त्याने सगळं सांगितलं. खरं लिहिलं तर काय होईल आणि नाही लिहिलं तर काय, तेही सांगितलं.

ताईने मशीन थांबवलं नाही.

"माणूस म्हणून रंगाचा एक डबा मागितला, तो मिळाला नाही. झाड म्हणून दिवसातून दोनदा पाणी मिळतंय. मला झाडच राहू दे रे."

"पण ते खोटं आहे, ताई."

"आहे की. मग? मी मेले की खरं लिही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुरुस्तीचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला. इतका सरळ अधिकारी त्याला पुन्हा भेटणार नव्हता, आणि बाईंशीच तो खोटं बोलणार होता. त्याने पेन उचललं. मग ताईच्या चौकटीसमोर त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली. झाडी सुस्थितीत आहे," आणि खाली सही केली.